रात्रीच्या भुकेचा हिशेब: जानेवारी ते मार्च २०२५

६ जानेवारी, सोमवार. ह्यांची कामावरची दुसरी पाळी, म्हणजे रात्री पावणेबाराला घरी.

आजपासून वही सुरू. वय ४६, उंची १५६ सेंमी, सकाळचं वजन ७१.४ किलो. डिसेंबरात रक्त तपासलं तेव्हा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारा आकडा) ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी दिवसाला १५०० कॅलरीज ठरवून दिल्या आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं.

१५०० जमत नाही हे मला आधीच ठाऊक आहे, कारण दिवाळीनंतर दोनदा करून बघितलंय. दुपारपर्यंत मी अगदी नेमाने वागते. संध्याकाळी सहानंतर हात सुटतो आणि रात्री अकरानंतर डबे उघडले जातात. मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं हिशेब लिहिते. रोकड कुठून गळते हे शोधायचं तर आधी वेळ घालून प्रत्येक खर्च टिपायचा, मग बोलायचं. इथेही तेच करणार. हा आठवडाभर काहीही बदलायचं नाही. जे तोंडात जाईल ते वजनकाट्यावर ठेवून, वेळ टाकून लिहायचं.

आकड्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते घेतले. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, म्हणून प्रत्येक आकडा ४.१८४ ने भागायचा. रोजच्या पंचवीस-तीस जिनसांचे आकडे भागून वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलेत.

१२ जानेवारी, रविवार

आठवड्याची रोजची सरासरी:

सकाळपासून चारपर्यंत ५२०
चार ते आठ २४०
रात्रीचं जेवण ५६०
दहानंतर ६१०
एकूण १९३०

शेवटच्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसले. दहानंतरचं खाणं माझ्या रात्रीच्या जेवणापेक्षा मोठं आहे. आणि पूर्ण दिवसाच्या कामाला, दोन बस बदलून जाण्यायेण्याला, उभ्याने केलेल्या स्वयंपाकाला मिळून फक्त ५२०. सकाळी चहा आणि दोन खाऱ्या, दुपारच्या डब्यात दोन चपात्या आणि भाजी. डाळ नाही, उसळ नाही, दही नाही. मी ह्याला आजवर 'दिवसा कंट्रोल आहे' म्हणत होते.

आमच्या आईंचा (सासूबाईंचा) शब्द आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. मी रोज एकादशी धरते आणि रोज रात्री सोडते.

दहानंतरच्या ६१० ची फोड केली. ह्यांच्याबरोबर मध्यरात्री जेवलेलं सरासरी ३३०. डब्यातला चिवडा, शेव, शेंगदाणे १५०. उरलेलं संपवणं १३०. हे तिसरं कलम मी कधी खाण्यात धरलंच नव्हतं. ओटा पुसताना अर्धी चपाती, कढईतली चमचाभर भाजी, लेकीच्या ताटातला भात. टाकवत नाही म्हणून तोंडात जातं.

शेवेची मूठ काट्यावर ठेवली. माझी मूठ २८ ग्रॅमची. शेवेला १०० ग्रॅममागे साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे एका मुठीत दीडशे. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं, तिच्या दोनशे होतात. दोन वेळा डब्यात हात घातला की भाकरीपेक्षा जास्त झालं, आणि पोटाला कळलंही नाही.

१३ जानेवारी, सोमवार. पहिली पाळी.

पहिला उपाय: रात्री नऊला स्वयंपाकघर बंद. दिवा मालवायचा, दार लोटायचं.

१९ जानेवारी, रविवार

दहानंतरची सरासरी ९०. मंगळवारी संक्रांत होती. तिळगुळाचे तीन लाडू झाले, वीस ग्रॅमचा एक, प्रत्येकी साधारण ९५. दुपारी गुळाची पोळी तूप घालून खाल्ली. ते सगळं मोकळ्या मनाने लिहिलं, सण आहे.

पण हे यश खरं नाही असं मला वाटतं. पहिल्या पाळीत हे साडेतीनला घरी येतात, आम्ही सगळे आठला जेवतो आणि दहाला झोपतो. दार बंद केल्यामुळे खाणं थांबलं की जागरण नव्हतं म्हणून, हे ह्या आठवड्यावरून कळायचं नाही. शिवाय 'बंद' हा शब्द घरात चालणार नाही. आईंच्या साखरेच्या गोळ्या आहेत, रात्री पोट रिकामं राहिलं तर त्यांची साखर उतरते. त्यांचं रात्रीचं कपभर दूध चुकता कामा नये. त्या स्वतः उठून अंधारात दूध घ्यायला गेल्या, हे मला शुक्रवारी कळलं. दार लोटायचं बंद.

२० ते २४ जानेवारी. तिसरी पाळी.

संध्याकाळच्या भुकेवर काम. ऑफिसात साडेचारला चहा येतो, सहाला सुटते, सव्वासातला घरी. दारातून आत आल्यावर पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांत वाईट. कुकर लावता लावता एक हात डब्यात असतो. म्हणून ठरवलं की साडेपाचला ऑफिसातच काहीतरी पक्कं खायचं, सुमारे २०० कॅलरीजचं, रोज वेगळं, आणि रात्री आठला भूक किती ते शून्य ते दहात लिहायचं. दुपारचा डबा पाचही दिवस सारखा.

सोमवार, चहा आणि पाच बिस्किटं: ८
मंगळवार, कुरमुऱ्याची सुकी भेळ, कांदा-टोमॅटो घालून: ७
बुधवार, दोन उकडलेली अंडी आणि पेरूच्या फोडी: ४
गुरुवार (घरात अंडं चालत नाही), वाटीभर मटकीची उसळ: ४
शुक्रवार, अडीचशे ग्रॅम उकडलेला बटाटा, मीठ-जिरं लावून: ३

भेळीवर माझी भिस्त होती. दिसायला मोठं ताट होतं, चावायला वेळ लागतो, पण सातला पोट परत मोकळं. बटाट्याचा आकडा मला पटेना. नंतर वाचलं की १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थ सारख्याच कॅलरीजचे देऊन कशाने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं ते तपासलं होतं, आणि त्यात उकडलेला बटाटा सगळ्यांत वर आला होता. आपण बटाट्याला नावं ठेवतो ती तळलेल्या बटाट्याची सवय लागल्यामुळे. तरीही माझी साखर उंबरठ्यावर आहे, तेव्हा बटाटा आठवड्यातून एकदाच ठेवणार. मटकी मात्र रोजची झाली तरी चालेल.

एकेका दिवसाच्या प्रयोगावर विश्वास ठेवायचा नाही. फेब्रुवारीत पुन्हा करणार.

२९ जानेवारी, बुधवार. दुसरी पाळी.

रात्रीचे १.१०. हे झोपले. मी हिशेब लिहून मगच झोपणार.

सोमवार-मंगळवार हे जेवत असताना मी समोर नुसतं पाणी घेऊन बसले. आज आठला जेवलेही नाही, म्हटलं ह्यांच्याबरोबर जेवू म्हणजे एकदाच होईल. पावणेबाराला गाडीचा आवाज आला. पिठलं गरम केलं, भाकरी तव्यावर परत शेकली. ह्यांनी हात धुतले, पहिला तुकडा मोडला आणि नेहमीप्रमाणे अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली. "घे गं, एकट्याला घास जात नाही." मग मी थांबलेच नाही.

दीड भाकरी ३००, पिठलं २२०, त्यावर कच्चं तेल ४५, शेंगदाण्याची चटणी ९०, भात १२०, शेवटी शेव १५०. एकूण ९२५.

आठपर्यंतचे ६१० धरून दिवस १५३५ वर गेला. बेरीज जुळते! कागदावर आजचा दिवस चांगला आहे. पण छातीत जळजळतंय, पाचला उठायचंय, आणि उद्या सकाळी भूक नसणार म्हणून परत दोन खाऱ्यांवर ऑफिस गाठणार. संध्याकाळी परत तेच. बेरीज बरोबर आली म्हणून खतावणी बरोबर आहे असं होत नाही, नोंद कुठल्या तारखेला पडली ते बघावं लागतं. माझ्या सगळ्या नोंदी चुकीच्या वेळेला पडताहेत.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवायची आहे, कारण ती मोजता येत नाही म्हणून वहीतून निसटेल. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात आम्ही दोघं एकमेकांशी बोलतो ते ह्याच वीस मिनिटांत. मशीन कुठलं बिघडलं, फी कधी भरायची, आईंचा गुडघा. नुसतं पाणी घेऊन समोर बसलं की हे घाईने जेवतात आणि उठतात. दोन दिवस मी पाहिलं ते. मला ते जेवण सोडायचं नाही. ते हिशेबात बसवायचं आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

नवी मांडणी:

नाश्ता ३५०, घरून निघण्याआधी. मूगडाळीची धिरडी आणि दही, किंवा दोन अंडी आणि चपाती.
डबा ४००. दोन चपात्या, भाजी, आणि वाटीभर डाळ किंवा उसळ. उसळ नसेल तर डबा अपुरा समजायचा.
साडेपाच २००.
रात्री पावणेआठ ३५०.
रात्रीची शिल्लक २००.

शेवटची ओळ माझ्यासाठी नवीन आहे. आजवर रात्रीचं खाणं म्हणजे चूक, म्हणून त्याला तरतूदच नव्हती, आणि तरतूद नसलेला खर्च कधीच आवाक्यात राहत नाही. आता एक भाकरी किंवा कपभर दूध आणि फुटाणे इतकी जागा आधीच राखून ठेवायची. दुसऱ्या पाळीत ती ह्यांच्या ताटाशेजारी खर्च होईल. इतर आठवड्यांत नको वाटलं तर शिल्लक पडेल.

उरलेल्याचं कलम बंद करण्यासाठी: चपात्या मोजून करायच्या, आणि तरीही उरली तर तिचा सकाळी कुस्करा, कांदा-शेंगदाण्याची फोडणी देऊन. भाजी उरली तर छोट्या डब्यात. ओटा पुसायच्या आधी डबा भरायचा, हा क्रम महत्त्वाचा. अन्न टाकायचं नाही ही शिकवण बरोबरच आहे, फक्त ते पोटातच साठवायला पाहिजे असं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. पहिली पाळी संपली.

तेलाचा पाच लिटरचा कॅन आज रिकामा झाला. ६ जानेवारीला फोडला होता, म्हणजे ३४ दिवस. माणसं चार. माणशी रोज ३७ मिली, वजनात ३३ ग्रॅमच्या वर, म्हणजे रोज ३०० कॅलरीज नुसत्या तेलाच्या. मी वहीत पदार्थांच्या अंदाजाने १५ मिली धरत होते. जानेवारीचे सगळे आकडे साधारण १८० ने कमी लिहिलेत. १९३० हे खरं म्हणजे २१०० च्या पुढे. मागे जाऊन प्रत्येक पानावर लाल शाईने दुरुस्ती केली.

आता फोडणीला पळीने तेल ओतायचं नाही, चहाच्या चमच्याने मोजून. आईंना ते आवडलेलं नाही. मटकीला तवंग नसेल तर ती आजाऱ्याची उसळ वाटते त्यांना. त्यांच्या वाटीवर वरून वेगळी फोडणी घालते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. तिसरी पाळी.

लेकीची बारावीची परीक्षा मंगळवारपासून (११ तारीख) सुरू झाली. ती साडेबारा-एकपर्यंत जागते, मी सोबतीला. काल तिला नूडल्स करून दिल्या आणि चव बघता बघता मीही खाल्ल्या. तिला भूक लागणारच. तिला मोजूनमापून द्यायचं नाही, वाढीचं वय आहे, हे मी स्वतःला बजावलंय. माझी वही माझ्यापुरती. पण अकराला तिच्यासाठी गूळ-शेंगदाणे, केळं किंवा दूध टेबलावर ठेवून द्यायचं ठरवलं, म्हणजे एक वाजता गॅस पेटवायची वेळ येत नाही.

स्वतःसाठी एक कसोटी सापडली. रात्री काही खावंसं वाटलं की विचारायचं, आत्ता दूध-भाकरी चालेल का? चालेल असं मनापासून वाटलं तर ती पोटाची भूक, शिल्लक आहे, खाऊन घ्यावं. दूध-भाकरी नको आणि शेवच पाहिजे, तर तो थकवा किंवा कंटाळा. चौदा दिवसांत सोळा वेळा विचारलं. नऊ वेळा उत्तर शेव आलं. त्यातल्या सहा वेळा दात घासून पंधरा मिनिटं थांबले आणि इच्छा गेली. तीन वेळा शेव खाल्ली. खऱ्या भुकेवर दात घासण्याचा काही उपयोग नाही, उलट झोप लागत नाही.

फरसाणाचा डबा माळ्यावर गेला. स्टूल आणून चढावं लागतं. ह्यांनी विचारलंही नाही की कुठे गेला. तो डबा घरात माझ्याशिवाय कुणीच उघडत नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

झोपेचं कलम. वहीत झोपायची-उठायची वेळ पहिल्या दिवसापासून आहे, आज पहिल्यांदाच भुकेच्या आकड्याशेजारी मांडून बघितली. साडेपाच तासांपेक्षा कमी झोप झाली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी भूक सरासरी ७. साडेसहाच्या वर झोप झाली तर ५. साडेपाचचं खाणं तेच असूनही.

ह्याविषयी वाचलं. २००४ मध्ये बारा तरुणांवर केलेल्या अभ्यासात दोनच रात्री झोप चार तासांवर आणली तर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वर गेलं आणि तृप्तीची वर्दी देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी खाली आलं. भूकही जवळपास पाव हिश्शाने वाढली. दुसरा अभ्यास २०१३ चा. माणसांना दिवस-रात्र कळणार नाही अशा मंद उजेडाच्या खोल्यांत ठेवून, खाणं-झोपणं घड्याळापासून सुटं करून पाहिलं. तरीही शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणे सकाळी आठच्या सुमाराला भूक सगळ्यांत कमी आणि रात्री आठच्या सुमाराला सगळ्यांत जास्त.

हे वाचून मला रडू आलं, खोटं कशाला लिहू. इतकी वर्षं मी समजत होते की सकाळची मी शहाणी आणि रात्रीची मी हावरट. सकाळी उपाशी राहणं मला सोपं जात होतं कारण त्या वेळी भूक मुळातच कमी असते. संयम नव्हता तो. आणि रात्री भूक चढणार हे ठरलेलंच असेल तर तिच्यासाठी आधी सोय करून ठेवणं हाच व्यवहार आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुसरी पाळी संपली.

ह्या आठवड्याची वाट बघत होते. दहानंतर सरासरी २६०, दिवसाची सरासरी १५९० (तेल खरं मोजून). पावणेआठला मी, लेक आणि आई जेवलो. पावणेबाराला ह्यांच्यासमोर एक भाकरी आणि भाजी घेऊन बसले. सोमवारीच ह्यांना वही दाखवली होती. बराच वेळ चाळली. म्हणाले, "तेलाचा हिशेब भारी काढलायस." मग पुढे भाकरीचा अर्धा तुकडा माझ्याकडे सरकवला नाही. फक्त गुरुवारी चुकून सरकवला आणि लगेच मागे घेतला.

मंगळवार वाईट गेला, ४८०. त्या दिवशी साडेपाचचं खाणं राहिलं होतं, ऑफिसात जीएसटीचं काम चालू होतं. वही मागे चाळली तर दहानंतर चारशेच्या वर गेलेल्या अकरा दिवसांपैकी नऊ दिवस साडेपाचचा रकाना रिकामा आहे. आता टेबलाच्या खणात फुटाण्यांची बरणी ठेवली आहे. डबा विसरला तरी ५० ग्रॅम फुटाणे आणि ताक, दोनशेच्या आसपास बसतं. ताक खालच्या टपरीवर मिळतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.

उपास. आधी नीट विचार केला. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिनं जवळपास नाहीतच, वर दाण्याचं कूट आणि तूप. ताटभर खिचडी खाल्ली की दुपारी झोप आणि संध्याकाळी पोटात खड्डा. ह्या वेळी खिचडी वाटीभरच घेतली. बाकी दही, वरीचा भात आणि दाण्याची आमटी, रताळं, साडेपाचला दूध. रात्री आठला भूक ५. उपासाच्या दिवशी इतकी कमी वहीत कधीच नव्हती.

९ मार्च, रविवार

साडेपाचच्या खाण्याची फेरतपासणी पूर्ण. प्रत्येक पदार्थ आता किमान चार वेळा झालाय. आठ वाजताची भूक, सरासरी: चहा-बिस्किट ७, भेळ ६.५, फुटाणे-ताक ५, अंडी ४.५, मटकी ४, बटाटा ३.५. क्रम तोच राहिला. भेळीत मूठभर मोड आलेली मटकी घातली तर मात्र ती ५ वर येते, आणि ऑफिसात तिघीचौघींना ती आवडली.

१६ मार्च, रविवार. दुसरी पाळी संपली.

वजन ६९.२. दहा आठवड्यांत २.२ किलो. दहानंतरची सरासरी २४५, जानेवारीत ह्याच पाळीत ६१० होती. तेलाच्या नव्या कॅनमध्ये ३६ दिवसांनंतर दीड लिटर शिल्लक आहे, म्हणजे माणशी २४ मिली.

गुरुवारी होळी झाली. दुपारी दोन पुरणपोळ्या, तूप, कटाची आमटी. रात्री ह्यांच्यासाठी दोन झाकून ठेवल्या होत्या. बाराला गरम केल्या. मी शिल्लक तेवढ्यासाठीच राखली होती, म्हणून एक घेतली. वहीत तिचे ३०० लिहिले, तुपासकट. दुसरी ह्यांनी खाल्ली आणि विचारलं, "अजून आहे का?" नव्हती. मोजूनच केल्या होत्या.

लेकीचे पेपर परवा १८ तारखेला संपतात. एचबीए१सी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, कारण तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगतो आणि मांडणी बदलून दोन महिने तरी व्हायला हवेत. उद्यापासून पहिली पाळी. साडेपाचचं खाणं सुट्टीच्या दिवशी हमखास चुकतं, आजही चुकलं, ते पुढच्या वहीत पहिलं काम.